हत्याराचा हात

मराठीत काही शब्द असे आहेत की ते रोज तोंडी असूनही आपण त्यांच्याकडे कधी नीट पाहत नाही. 'हत्यार' हा त्यांपैकीच एक. सुतार कामाला निघाला की पिशवीत आपली 'हत्यारे' भरतो, आणि पोलिसांच्या पंचनाम्यातही 'हत्यार जप्त केले' अशी नोंद होते. पटाशी हे हत्यार आणि तलवार हेही हत्यारच. खंडेनवमीच्या दिवशी आमच्या नाशकात फिरून पाहावे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून, गल्लीबोळांतल्या गॅरेजांतून करवती, पाने, हातोडे, लेथ यंत्रे धुऊनपुसून त्यांना झेंडूच्या माळा घातलेल्या असतात. ज्यांच्या घरी पूर्वजांची तलवार आहे ते त्याच दिवशी ती म्यानाबाहेर काढतात. कमावणाऱ्या आणि मारणाऱ्या अशा दोन्ही वस्तूंपुढे एकच निरांजन तेवते. शब्दाची व्युत्पत्ती विद्वानांनी ठरवावी. सामान्य माणसाच्या कानाला मात्र 'हत्यार' या शब्दात 'हात'ही ऐकू येतो आणि 'हत्या'ही.

भाषेने जे एका शब्दात बांधले ते नीतिशास्त्राने सोडवून वेगळे करावे, अशी आपली अपेक्षा असते. घडवणारा हात कोठे संपतो आणि मारणारा हात कोठे सुरू होतो, याची सीमारेषा कोणीतरी आखून द्यावी असे वाटते. सेमिनरीत शिकत असताना ती रेषा आम्हाला स्पष्ट दिसत असे. गेल्या पावसाळ्यात एका वृद्ध सुताराने विचारलेल्या एका साध्या प्रश्नाने ती पुसट झाली. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाविषयी आहे.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. पुढील हकीकत आम्ही प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेली नाही. तेथे ऐकलेले धर्मगुरूच्या ओठांवर कधीच येत नसते. ही हकीकत चर्चच्या व्हरांड्यात, चहाच्या कपासोबत आमच्या कानी आली, आणि ती लिहिण्यास सांगणाऱ्याची अनुमती आहे. 'माझे नाव आणि गावाचे नाव तेवढे घालू नका' असे त्यांनी बजावले, म्हणून आम्ही त्यांना नुसते 'मेस्त्री' म्हणू.

मेस्त्री मूळचे सावंतवाडीकडचे. वय ऐंशीच्या घरात. तरुणपणी नाशिकला आले, दारे-खिडक्या आणि फर्निचर करीत येथेच स्थायिक झाले. चर्चच्या बाकांना वाळवी लागली म्हणून ती पाहायला आम्ही त्यांना बोलावले होते. त्यांनी एका बाकाचा कुजका पाय सोडवला, नवा तासला आणि खाचेत असा बसवला की सांध्यात नख जाईना. "मेस्त्री, या वयातही तुमचा हात किती स्थिर आहे!" आम्ही सहज म्हणालो. त्यांनी पटाशी खाली ठेवली. "फादर, हा हात बाकांवर नाही घडला. बंदुकीच्या दस्त्यांवर घडला."

सावंतवाडी म्हटले की लाकडी खेळणी आणि लाखेच्या रंगांतील फळे डोळ्यांपुढे येतात. पण तेथील लाकूडकामाची आणखी एक बाजू आहे. सिंधुदुर्गात भाताची शेते रानाला लागून असतात. पीक पोटरीत आले की रात्री रानडुकरे उतरतात आणि वर्षाचे अन्न एका रात्रीत तुडवून जातात. म्हणून तेथील शेतकऱ्यांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते, आणि ती बहुधा ठासणीची असते. निवडणूक जाहीर झाली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. त्या वेळी पीक उभे असले तर शेतकरी कुरकुरतो, हे तेथील कोणीही सांगेल. शहरातल्या माणसाला बंदूक म्हणजे दरोडा आठवतो. त्या शेतकऱ्याला ती कुंपणासारखी वाटते.

ठासणीची बंदूक आता अनेकांनी पाहिलेली नसेल. तिच्यात नळीच्या तोंडातून आधी दारू, मग बोळा, मग छरे किंवा गोळी घालून लोखंडी गजाने ठासतात. मागच्या बाजूला केप बसवतात. चाप ओढला की घोडा केपेवर पडतो, ठिणगी आत जाते आणि बार उडतो. नळी, घोडा, चाप ही सारी लोहाराची करामत. परंतु हे लोखंड माणसाने हातात धरावे कसे? त्यासाठी जो लाकडी भाग लागतो, मागे खांद्याला टेकणारा आणि पुढे नळीला खालून तोलून धरणारा, त्याला दस्ता म्हणतात. कोणी कुंदा म्हणतात. 'दस्ता' हा शब्द फारसीतून आला. 'दस्त' म्हणजे हात. दस्ता हा जणू बंदुकीचा हात, जो तिने आपल्याकडे पुढे केलेला असतो.

मेस्त्री एका परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे वडिलांसोबत कामाला होते. दस्ता कसा करतात हे त्यांनी आम्हाला दोन तास सांगितले, आणि त्या दोन तासांत त्यांचे वय वीस-पंचवीस वर्षांनी उतरले. पहिली परीक्षा लाकडाची. शिसवाची किंवा जुन्या सागाची जाड फळी टोकांना शेण लिंपून सावलीत वर्षानुवर्षे मुरवायची. उन्हात घाईने वाळवली तर ती पुढे तडकते. मग रेषा पाहायच्या. दस्त्याची मान, म्हणजे नळीच्या मागे मुठीत धरायचा बारीक भाग, ही सर्वांत नाजूक जागा. लाकडाच्या रेषा मानेतून वळणाबरोबर लांबीने वाहत गेल्या पाहिजेत. त्या आडव्या गेल्या तर दस्ता दिसायला कितीही देखणा असो, पाचपन्नास बारांत मानेत मोडणार. म्हणून मेस्त्रींचे वडील फळी विकत घेण्यापूर्वी ती ओली करून उजेडात तासभर न्याहाळीत. चांभाराची नजर जोड्यावर, तशी त्यांची रेषांवर.

यानंतर नळी बसवण्याचे काम येई, आणि खरी कसोटी तेथेच लागे. नळीला तेलात कालवलेली काजळी फासायची, ती लाकडातल्या खाचेत दाबायची आणि उचलायची. जेथे काळा डाग उमटला तेथे लाकूड उंच आहे. गोल पटाशीने तेवढाच पापुद्रा काढायचा. पुन्हा काजळी फासायची, पुन्हा दाबायचे, पुन्हा पापुद्रा काढायचा. शेवटी खाच टोकापासून टोकापर्यंत सारखीच काळी उमटली की नळी बसली. अर्धी नळी लाकडात, अर्धी वर. नळीच्या मागच्या शेपटीचा जोड तर लाकडाला घट्ट भिडलाच पाहिजे. तेथे केसभर फट राहिली तर बाराचा धक्का पसरण्याऐवजी एका जागी बसतो आणि मान चिरते. पुढे घोड्याची पट्टी बसवायची, चापाची खाच करायची. मग गजासाठी नळीखालून लांब भोक पाडायचे. त्यात सामता जरा तिरका गेला की बाहेर फुटतो, आणि महिन्याभराची मेहनत चुलीत जाते.

"आणि सगळ्यांत शेवटी माप," मेस्त्री म्हणाले. गिऱ्हाइकाला उभे करायचे, त्याचा हात कोपरात काटकोनात वाकवायचा, दस्त्याचे टोक कोपराच्या खळीत टेकवायचे आणि तर्जनी चापाशी कशी पोहोचते ते पाहायचे. उंच माणसाला दस्ता लांब, बुटक्याला आखूड. गाल भरलेला असेल तर लाकूड जरा अधिक उतरवायचे. मग जवसाचे तेल तळव्याने चोळायचे, पातळ पातळ थर देत अनेक दिवस. "नळी कोणाच्याही बंदुकीला चालते, फादर. दस्ता एकाच माणसाचा असतो. जाकिटासारखा."

हे वाक्य आमच्या मनात रुतून बसले. बंदुकीच्या सर्व भागांत दस्ता हा एकच भाग असा की जो लक्ष्याला कधी शिवत नाही. तो शिवतो तो चालवणाराच्या गालाला, खांद्याला आणि मुठीला. नळीचे तोंड मरणाऱ्याकडे असते, दस्त्याचे मारणाऱ्याकडे. दस्ता करणारा सुतार हा मारणाऱ्याच्या बाजूचा कारागीर असतो, मग तो मारणारा पीक राखणारा गरीब शेतकरी का असेना.

त्यानंतर मेस्त्रींनी ती हकीकत सांगितली.

पन्नासहून अधिक वर्षे झाली. त्यांनी एका शेतकऱ्याच्या बंदुकीला नवा दस्ता करून दिला. आजवर केलेल्या सर्व दस्त्यांत तो उत्तम झाला होता, असे वडीलही म्हणाले. भात पिकायला आले. एका रात्री तो शेतकरी राखणीला बसला होता. बांधापलीकडच्या झुडपात खसखस झाली. त्याने बार टाकला. झुडपात त्याचा चुलत भाऊ होता; तोही आपल्या शेताची राखण करीत डुकरांच्या मागावर आला होता. उजाडण्यापूर्वी त्याचा प्राण गेला. पोलीस आले, खटला झाला, बंदूक मुद्देमाल म्हणून जमा झाली. मध्यंतरी जामिनावर सुटलेला तो शेतकरी एकदा दुकानाच्या पायरीशी येऊन बसला. तो रागावला नव्हता. त्याने दोषही दिला नाही. तो इतकेच म्हणाला, "मेस्त्री, बंदूक उचलली कधी ते मला कळलंच नाही. आपणहून खांद्याला आली."

मेस्त्रींनी त्यानंतर एकही दस्ता केला नाही. वर्षभरात ते घाट चढून नाशिकला आले. आता इतक्या वर्षांनी चहाचा रिकामा कप हातात फिरवीत त्यांनी आम्हाला विचारले, "फादर, त्यात माझा हात होता की नव्हता?"

धर्मगुरूला असा प्रश्न विचारला की त्याच्या तोंडून आधी त्याची सेमिनरी बोलू लागते. आम्ही संत थॉमस अक्वायनस यांचा आधार घेतला. तेराव्या शतकातील या महान तत्त्वचिंतकाने नेमका हाच प्रश्न हाताळला आहे. ज्या वस्तूचा उपयोग पापावाचून होऊच शकत नाही, ती घडवणारा पापाचा भागीदार होतो, असे तो सांगतो. परंतु तलवारी, बाण यांसारख्या ज्या वस्तूंचा उपयोग चांगलाही होतो आणि वाईटही, त्या घडवण्यात पाप नाही. शेतीसंरक्षणाची बंदूक तर उघडच दुसऱ्या वर्गातली. पुढे नीतिशास्त्राच्या आचार्यांनी आणखी बारकावे मांडले. दुसऱ्याच्या दुष्कृत्यात मनाने सामील होणे वेगळे आणि ज्याचा पुढे गैरवापर झाला अशी वस्तू निव्वळ पुरवणे वेगळे. मेस्त्रींच्या मनात हत्या नव्हती, शेतकऱ्याच्याही मनात नव्हती. "तेव्हा तुम्ही निर्दोष आहात," असे सांगून आम्ही थांबलो. आमचे बोलणे बिनचूक होते, आणि त्याचे आम्हाला किंचित समाधानही वाटले होते.

डॉक्टरने रिपोर्ट वाचून दाखवावा आणि रोग्याने तो ऐकून घ्यावा, तसे मेस्त्रींनी ऐकले. मग म्हणाले, "पुस्तकातला सुतार सुटला, फादर. माझं काय? मी दस्ता जरा वाईट केला असता, तर त्याचा बार चुकला असता. तो माणूस वाचला असता."

या वाक्याने आमचे सारे उत्तर एका बाजूला सरकवले. मेस्त्रींना 'बंदूक करणे पाप आहे काय' असे विचारायचेच नव्हते. त्यांच्या मनाला टोचत होते ते आपल्या कामाचे चांगलेपण. ज्या गुणासाठी वडिलांनी पाठ थोपटली, त्याच गुणाने एका माणसाचा जीव घेतला. आता या चांगलेपणाचे काय करायचे?

याचे उत्तर 'मग वाईट काम करावे' असे तर असू शकत नाही. वाईट दस्ता मानेत मोडतो आणि चालवणाराचा चेहरा फोडतो; कामचुकारपणा हा काही अहिंसेचा मार्ग नव्हे. थॉमसने येथेही एक मार्मिक भेद केलेला आहे. वस्तू नीट कशी घडवावी हे जाणणारी बुद्धी वेगळी आणि माणसाने कसे वागावे हे जाणणारी बुद्धी वेगळी. पहिली म्हणजे कला, दुसरी म्हणजे विवेक. कारागिराची कारागीर म्हणून जी स्तुती होते ती त्याच्या वस्तूवरून होते, त्याच्या हेतूवरून नव्हे. याचाच अर्थ असा की कला पूर्णत्वाला पोहोचली तरी विवेक आपोआप तिच्यामागून येत नाही. मेस्त्रींच्या दस्त्यात सारे काही होते: रेषा, माप, तोल. परंतु झुडपात कोण आहे ते आधी पाहावे, ही बुद्धी दस्त्यात बसवता येत नाही. ती पटाशीने कोरता येत नाही आणि जवसाच्या तेलाने मुरवता येत नाही.

येथे हातकामाची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवून यंत्राकडे वळू, कारण त्याशिवाय हातकामाचे मर्म कळणार नाही. अमेरिकेतील स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेसाठी १८२० च्या सुमारास टॉमस ब्लँचर्ड नावाच्या कारागिराने एक अजब लेथ तयार केला. त्यात एक लोखंडी नमुना आणि एक ओबड लाकूड शेजारी शेजारी फिरत. एक चाक नमुन्यावरून सरकत जाई आणि पाते त्याबरहुकूम लाकूड कातीत जाई. बंदुकीच्या दस्त्यासारखा वेडावाकडा आकार यंत्राने कातता येतो, हे त्याने सिद्ध केले. गंमत अशी की त्याच तत्त्वावर पुढे कुऱ्हाडीचे दांडे आणि बुटांचे लाकडी साचेही निघू लागले. पुन्हा तेच: हत्यार आणि हत्यार! १८५० नंतरच्या दशकात इंग्लंडने अशी यंत्रे अमेरिकेतून आणून एनफिल्डच्या कारखान्यात बसवली. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल ठासणीचीच होती आणि तिचा दस्ता अक्रोडाचा असे. तिच्या चरबी लावलेल्या काडतुसांच्या निमित्ताने १८५७ मध्ये आपल्या देशात काय घडले, ते वाचकांना ठाऊकच आहे.

यंत्राने पुष्कळ दिले. दस्ते झपाट्याने निघू लागले, एकाचा भाग दुसऱ्याला बसू लागला. मात्र एक गोष्ट गेली. मेस्त्रींच्या वडिलांसमोर गिऱ्हाईक कोपर वाकवून उभे राहत असे. यंत्रासमोर कोणीच उभे राहत नाही. यंत्राचा दस्ता सर्वांच्या मापाचा असतो, म्हणजेच कोणाच्याच मापाचा नसतो. ज्याच्या खांद्याला तो लागणार त्याचा चेहरा करणाऱ्याने कधीच पाहिलेला नसतो.

शस्त्र म्हणजे निव्वळ अमंगल, असे आम्ही म्हणत नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी भारतीयांवर परवान्याचे बंधन लादले आणि गोऱ्यांना त्यातून मोकळे ठेवले. त्याआधी वीस वर्षे, १८५७ ते १८५९ या काळात, याच नाशिक जिल्ह्यात भागोजी नाईकांच्या नेतृत्वाखाली भिल्लांनी त्या सत्तेशी झुंज दिली होती. हे वाचताना आम्हाला शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातील तेरावा अध्याय आठवतो. इस्राएलाने तलवार वा भाला करू नये म्हणून पलिष्ट्यांनी त्या देशात लोहारच ठेवला नव्हता. नांगराचा फाळ पाजवायलाही लोकांना शत्रूच्या दारी जावे लागे. कारागिराचा हात काढून घेणे म्हणजे प्रजेचा हात तोडणे, हे सत्ताधाऱ्यांना नेहमीच कळलेले आहे. तलवारींचे फाळ होतील असे स्वप्न यशया पाहतो, तर फाळांच्या तलवारी करा असे योएल सांगतो. एकाच पवित्र ग्रंथात दोन्ही आहेत, कारण माणसाच्या हातात दोन्ही आहेत.

हा प्रश्न मेस्त्रींपुरता नाही, हे आम्हाला फार लांब न जाता दिसते. देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण चालते. ओझरला १९६४ मध्ये विमानांचा कारखाना निघाला. तेथे आधी मिग आणि पुढे सुखोई लढाऊ विमाने बांधली गेली. नाशिकच्या चर्चमध्ये रविवारी मिस्साला येणाऱ्यांत अशा ठिकाणी आयुष्य घालवलेली माणसे असतात. ती प्रामाणिक आहेत, कष्टाळू आहेत आणि देश राखण्याच्या कामी आपला वाटा उचलतात. एखादा रिव्हेट नीट बसवणे हे त्यांचे कर्तव्यच आहे. तो ढिला राहिला तर आपलाच वैमानिक मरेल. पण त्या रिव्हेटच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, हे त्यांना कधी दिसणार नाही.

रशियातील मिखाईल कलाश्निकोव्ह यांची कथा येथे सांगण्याजोगी आहे. १९४७ च्या ज्या रायफलीला त्यांचे नाव मिळाले ती पुढे जगभर पसरली. 'आपण शेतकऱ्याच्या उपयोगाचे एखादे यंत्र केले असते तर बरे झाले असते,' असे ते उतारवयात बोलून गेले होते. डिसेंबर २०१३ मध्ये ते वारले. त्यांनी हयातीत रशियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेच्या प्रमुखांना लिहिलेले एक पत्र त्यानंतर, २०१४ च्या जानेवारीत, प्रसिद्ध झाले. आपल्या रायफलीने माणसे मारली, मग ती शत्रूची का असेनात, तर त्या मृत्यूंचा दोष आपल्याकडे येतो काय, असा प्रश्न त्यात होता. स्वदेशरक्षणासाठी शस्त्रे घडवणाऱ्यांच्या पाठीशी ख्रिस्तसभा उभी आहे, असा निर्वाळा तेथील प्रवक्त्याने दिला. उत्तर चुकीचे नव्हते. आम्ही मेस्त्रींना दिलेले तरी कोठे चुकीचे होते? परंतु आता आम्हाला वाटते, ही दोन्ही उत्तरे ब्लँचर्डच्या लेथवर कातलेली होती: सर्वांच्या मापाची, आणि विचारणाऱ्याच्या खांद्याला न बसणारी.

आठवड्याने मेस्त्री उरलेली बाके करायला आले. या वेळी आम्ही शहाणपण सांगितले नाही. नुसते विचारले, "मेस्त्री, तो दस्ता त्याला दिला तो दिवस आठवतो?"

ते बराच वेळ रंधा चालवीत राहिले. मग म्हणाले, "त्याच दिवसाचं आहे सगळं." त्यांच्या वडिलांची एक रीत होती. बंदूक हाती देताना ते गिऱ्हाइकाला ओटीवर बसवीत, पाणी देत आणि सांगत, 'दिसेल त्याच्यावरच चालव. आवाजावर चालवू नको.' मग पैसे घेत. त्या दिवशी वडील घरी नव्हते. मेस्त्रींनी स्वतः बंदूक दिली. आपल्या कामाचा अभिमान त्यांच्या अंगात मावत नव्हता. दस्ता किती नेमका बसला आहे हे दाखवायचे होते. त्यांनी शेतकऱ्याला सांगितले, "डोळे मिट. आता उचल, खांद्याला लाव. आता उघड." त्याने तसे केले. नळी बरोबर नजरेच्या रेषेत होती. दोघेही खूश होऊन हसले. वडिलांचे ते वाक्य सांगायचे राहून गेले.

"डोळे मिटून उचलायला मी शिकवलं, फादर."

आम्हाला वाटते, मेस्त्रींच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे आणि ते त्यांनी स्वतःच शोधले होते. दस्ता करण्यात त्यांचा दोष नव्हता. तो उत्तम करण्यात तर मुळीच नव्हता. हत्येचा अपराधही त्यांच्या माथी येत नाही. अंधार, भीती, घाई ही त्या रात्रीची होती, आणि ते एक वाक्य ऐकले असते तरी शेतकऱ्याने बार टाकलाच नसता असे कोण म्हणेल? तरीही त्यांचा हात त्यात होता. लाकूड तासणारा हात नव्हे, तर वस्तू दुसऱ्याच्या हाती सोपवणारा हात. वस्तू पूर्ण झाली की काम पूर्ण झाले, असा आपला समज असतो. मेस्त्रींचे वडील अधिक जाणत होते. वस्तूबरोबर शब्द दिला की मगच काम पुरे होते, हे त्या निरक्षर सुताराच्या रीतीत होते. कला दस्त्यात उतरली होती. विवेक उतरायला तो शब्दच एक जागा होती.

दोष नसतानाही नाते असू शकते, हे आपल्याला पचत नाही. आपल्याला एक तर अपराधी व्हायचे असते, नाही तर मोकळे. पिलातालाही मोकळे व्हायचे होते. त्याने लोकांसमोर पाणी मागवून हात धुतले. आपण घडवलेल्या वस्तूंचे पुढे काय होते हा प्रश्न आला की आपणही चटकन पाणी मागवतो. दुसऱ्या शतकातील संत जस्टिन सांगतो की प्रभू येशू सुतार म्हणून नांगर आणि जू करीत असे. ज्या क्रुसावर त्याला खिळले तोही कोणा सुतारानेच तासला असेल. त्या सुताराने हात धुतले की नाहीत, हे शुभवर्तमान सांगत नाही. मेस्त्रींनी पन्नास वर्षे आपले हात धुतले नाहीत, आणि आता आम्हाला ते त्यांचे मोठेपण वाटते.

मग ज्यांना गिऱ्हाइकाचा चेहराच दिसत नाही, त्यांनी काय करावे? विमानाचा एक भाग करणाऱ्याने तो शब्द कोणाला द्यावा? आम्हाला वाटते, जेथे एकट्या कारागिराला शब्द देता येत नाही तेथे तो समाजाने द्यायचा असतो: नागरिकांनी, वृत्तपत्रांनी, संसदेत बसणाऱ्यांनी, आणि व्यासपीठावरून बोलणाऱ्या आमच्यासारख्यांनीही. 'दिसेल त्याच्यावरच चालव, आवाजावर नको,' हे एका शेतकऱ्याला सांगायचे वाक्य एका राष्ट्रालाही सांगता येते. शस्त्रस्पर्धा गरिबांच्या तोंडचा घास कसा हिरावते, हे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये बजावले ते याच जातीचे बोलणे होते. तो शब्द ऐकला जाईलच असे नाही. पण तो सांगायचा राहिला, तर डोळे मिटून उचलायला आपणच शिकवले असे होईल.

बाके पुरी झाली. मेस्त्रींनी मजुरी घेतली नाही. जाताना म्हणाले, "फादर, एक मिस्सा हवा होता." आम्ही वही उघडली. त्यांनी दोन नावे सांगितली. पहिले गोळी लागलेल्याचे, दुसरे गोळी झाडणाऱ्याचे. तोही आता हयात नाही. दोघेही आपल्या धर्माचे नव्हते. आम्ही दोन्ही नावे लिहिली आणि विचारले, "तिसरे तुमचे लिहू?"

ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "लिहा. शेवटी लिहा."